स्नेहलने चढवलेली तार

स्नेहल गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवाला फूल वाहिलं आणि सवयीने खाली, आपल्या चाळीच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. कुणीच आलं नव्हतं. मीही टाळी वाजवली नाही. कुणासाठी वाजवणार?

मावशी, आज या शोकसभेत तुमच्या लेकीबद्दल बोलायला उभा राहिलोय. मंडळी, आधी तिच्या खेळाबद्दल सांगतो.

कापोएरा. गुलाम करून ब्राझीलला नेलेल्या आफ्रिकी माणसांची ही कला. सगळ्यांनी गोल करून टाळ्या वाजवायच्या, गायचं. आत दोघांनी लढायचं. लाथ येते, पण लागत नाही. स्नेहलने ती शिकून आपल्या घोडपदेवात आणली.

माझी बायको गेल्यावर मी दार लावून बसायचो. भजनही सोडलं होतं. स्नेहल दारात येऊन म्हणाली, "भाऊ, देवळात टाळ कुटायचात ना? मग आमच्यात टाळी वाजवायला हात झिजतात काय?"

म्हटलं, "अगं, या वयात लाथा मारू?"

"मारू नका हो. चुकवायला शिका."

मी हसलो. किती महिन्यांनी हसलो. मग रोज सकाळी गेलो. झोप लागू लागली. जिन्यात मान खाली घालून जाणारे शेजारी समोर येऊन खेळू लागले. त्या गोलात मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटे.

आता तो गोल नाही. खोटं कशाला सांगू? तो पुन्हा होईल असं मला वाटत नाही. जिन्यात पुन्हा माना खाली आहेत. मला पुन्हा झोप नाही. देवाला रोज विचारतो, तिलाच का नेलंस?

गोलात ती वाजवायची ते एका तारेचं, धनुष्यासारखं वाद्य माझ्या खोलीत असायचं. खेळ संपला की तार उतरवायची, नाहीतर काठीचा जोर जातो. आणि ज्याने चढवली त्यानेच उतरवायची, हा तिचा नियम. शेवटच्या सकाळी ती तापाने फणफणली होती. म्हणाली, "राहू दे भाऊ, उद्या मीच उतरवते."

ती आलीच नाही. तार तशीच राहिली. काठी वाकत चाललेली दिसत होती, पण हात धजेना. तार ताणलेली होती तोवर तिचं यायचं बाकी होतं.

मंडळी, उठा. एकदा गोल करूया. आज टाळी नको, गाणं नको. नुसतं गप्प उभं राहूया. ते वाद्य मी मध्ये ठेवलंय. मावशी, नंतर ते तुम्ही घरी न्या.

आज सकाळी, देवाचं नाव घेऊन, मी तार उतरवली.