इंजिनात दोष नाही

…तर दोष माझा. असं ठरलंय. आमच्या भावकीत, सोयऱ्याधायऱ्यांत, सोलापूर ते मैंदर्गी या रस्त्यावर जितकी माणसं आम्हाला ओळखतात तितक्यांत ठरलंय, की नणंदेच्या मुलीचा मुहूर्त टळला तो विजयमालावहिनींमुळे. आणि गाडी? गाडीला काय झालं होतं? आमचे हे आजही छातीवर हात ठेवून सांगतील, "इंजिनात कायबी दोष न्हाय."

आता तुम्हीच ऐका आणि तुम्हीच ठरवा.

हे कापडगिरणीत टाइमकीपर. म्हणजे भोंगा झाल्यावर कोण उशिरा आलं ते टिपायचं, ही यांची नोकरी, एवढं लक्षात ठेवा. एका डॉक्टरांची जुनी काळी गाडी यांनी स्वस्तात घेतली होती. तोवर ठीक होतं, सणासुदीला निघायची, पुसून परत ठेवायचो. मग पेट्रोल महागलं. असं महागलं, की बाटलीत भरून देव्हाऱ्यात ठेवावं. तेव्हा जालिंदर मिस्त्री यांना म्हणाला, "साहेब, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवू की. एका टेंपोचं हाय माज्याकडं. बारकं हाय, पण लई गुणाचं हाय." मी विचारलं, टेंपो कुठाय मग? तर टेंपो झाडावर आदळून गेला, इंजिन तेवढं वाचलं म्हणे. मी आपलं साधं विचारलं, की आदळला तो कशामुळं? तर दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी मयताच्या घरी जाऊन हसले.

इंजिन बसलं, आणि हे येईल त्याला त्याची माहिती द्यायला लागले. स्थळ सांगतात ना, तशी. दूधवाला दूध घालतोय, तर त्याला सांगतायत, "दोन सिलिंडर, पंचवीस घोडे, लिटरला अठरा किलोमीटर, निर्व्यसनी आहे, तेल पीत नाही…" पंचवीस घोडे! आणि चढ आला की खाली उतरून ढकलायचं कुणी? मी. त्या पंचवीसांत मला धरलं होतं की मी सव्विसावी, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

बरं, ते चालू कसं होतं ते तरी ऐका. चावी फिरवली आणि निघाली, असं नाही. आधी आतली तार तापवायची. तार तापेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं… का, ते विचारायचं नाही. मग घरघर. मग एक धक्का. मग काळा धूर, असा, की समोरच्या घरची पांढरी वाळवणं परत धुवायला जायची आणि त्या घरातली बाई आमच्याशी बोलायची बंद झाली. मग आवाज. बांगड्या वाजतात, दात वाजतात, बोलायला तोंड उघडलं तर वाक्याचे तुकडे पडतात. मध्येच बंद पडली की हे खाली उतरून डिझेलच्या पंपावरचं बटण अंगठ्यानं दाबत बसणार, "नळीत हवा धरली असंल. इंजिनात दोष न्हाय."

आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे तापतं. का तापतं, तर इंजिन बदललं, पण पुढची पाण्याची टाकी, तो रेडिएटर, जुनाच ठेवला. पेट्रोलच्या इंजिनाचा. म्हणजे जेवणारा बदलला आणि ताट तेच. आणि आमचं सोलापूरचं ऊन, मे महिन्याचं! तिथं माणूस उकळतं, इंजिनाचं काय घेऊन बसलात?

तर अशा मे महिन्यात मैंदर्गीला आमच्या नणंदेच्या, मीनाबाईंच्या थोरल्या मुलीचं, महादेवीचं लग्न निघालं. हे मुलीचे मामा. एकुलते एक. मुलीला मंडपात हाताला धरून आणायची ती मामानं, अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं ते मामानं. मीनाबाईंनी आठवडाभर आधी बजावलं होतं, की दादा, आदल्या दिवशी ये. मीही म्हटलं, आदल्या दिवशीच्या एसटीनं जाऊ. आधीच मीनाबाईंचं माझ्याबद्दल असं मत, की वहिनीला माहेर तेवढं दिसतं, सासरचं कार्य आलं की पाय जड होतात. हे मत पुसायची मला ही एक संधी होती हो. पण हे म्हणाले, भाचीची पाठवणी माझ्या गाडीतून होणार. एसटीनं कशाला? दुपारचा मुहूर्त, पहाटे निघालो की नाश्त्याला तिथं!

निघालो पहाटे. कुंभारी जवळ आली आणि पुढून वाफ यायला लागली. हे म्हणाले, पाणी घेऊन ये. घेतली कळशी, आणि रस्त्याकडेच्या पहिल्या घरी गेले. दारात रंभाबाई नावाची एक बाई. म्हटलं, बाई, जरा पाणी हवं होतं. आता मला सांगा, नवं लुगडं नेसलेली, नथ घातलेली सवाष्ण सकाळच्या पारी दारात उभी राहिली, तर कोणती बाई तिला नुसतं पाणी देऊन पाठवील? "असं कसं? बसा की वाईच." गूळ आला, चहा आला, हळदीकुंकू आलं. मी म्हणतेय, अहो पाणी मला नको, इंजिनाला हवंय. तर त्या म्हणाल्या, इंजिनाला बी देऊ, आदी तुमाला. ओटी भरली, वर खण ठेवला. खणाला नको म्हणता येतं का? तुम्ही म्हणाल का?

कळशी घेऊन परत आले, तर हे झाकणावर ओलं फडकं टाकून सावलीत बसलेले. मी म्हटलं, उशीर झाला का हो? तर म्हणाले, नाही, अजून गार कुठं झालंय, गार झाल्याशिवाय झाकण उघडलं तर तोंड भाजेल. ऐकलंत? हे वाक्य नीट ऐकून ठेवा. यांनीच म्हटलेलं. मी बसले होते म्हणून गाडी थांबली नव्हती, गाडी थांबली होती म्हणून मी बसले होते!

वळसंगच्या अलीकडं परत वाफ. परत कळशी, परत एक दार, परत गूळ, परत कुंकू, परत ओटी. अक्कलकोटच्या पुढं गेलो तर तिथं बोलणं कानडी. ईरम्मा म्हणून एक म्हातारी, मी "पाणी, पाणी" म्हणून कळशी दाखवतेय, आणि ती माझा हात धरून "बर्री अक्का, बर्री" करत आत नेतेय. पाटावर बसवलं, ओटीत नारळ घातला, केसांत अबोलीचा हा एवढा गजरा माळला. मला रडू यायला लागलं. तिला वाटलं, माहेरची आठवण आली. तिनं आणखी थोडा गूळ दिला.

आणि आम्ही मैंदर्गीत पोचलो तेव्हा ऊन कललेलं. मुहूर्त टळून गेलेला. महादेवी बोहल्यामागं हटून बसलेली, मामा आल्याशिवाय उठणार नाही म्हणून, भटजींनी दुसरा संध्याकाळचा मुहूर्त काढलेला, आणि नवऱ्याकडचे लोक मंडपाबाहेर पानाच्या पिचकाऱ्या टाकत रागानं बसलेले.

मीनाबाई दारात आल्या. आधी यांच्याकडं बघितलं. हात काळे, तोंड काळं, सदऱ्याला तेल. "दादा," म्हणाल्या, "काय रे ही दशा तुझी. किती राबलास." मग माझ्याकडं वळल्या. मी कशी दिसत असेन, तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. कपाळभर तीन गावचं कुंकू, केसांत गजरा, तोंडाला गुळाचा वास, आणि पदरात नारळ, खण, तांदूळ… मला धड चालताही येईना.

"वहिनी," त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या, की मांडवातली पोरं गप्प झाली. "रस्त्यानं हळदीकुंकू करत आलात व्हय?"

मी यांच्याकडं बघितलं. म्हटलं, आता बोलतील. आता सांगतील, की झाकण गार होत नव्हतं. आणि यांनी काय सांगावं? "अगं मीने, इंजिनात कायबी दोष न्हाय. ही आपली दर गावात बसत आली."

दर गावात बसत आली! खोटं म्हणता येईल का सांगा? एक शब्द खोटा नाही. त्याचाच तर संताप! मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात महादेवी धावत आली, मामाच्या त्या तेलकट सदऱ्यावर डोकं ठेवून रडायला लागली, यांचेही डोळे भरले, आणि काळ्या गालांवरून पांढऱ्या रेघा उतरायला लागल्या… मग मी तोंड मिटलं. अशा वेळी रेडिएटरचं काढायचं कसं?

लग्न लागलं. पाठवणीला गाडी चालू झाली नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. हवा धरली होती. महादेवी बैलगाडीनं गेली, आणि त्याचंही असंच झालं, की वहिनीनं उशीर केला म्हणून इंजिनाला विश्रांती मिळाली नाही. आणि परतीच्या वाटेवर, वाफेत उभं राहून, हे मला काय सांगत होते माहितेय? परदेशात म्हणे मोठ्या ट्रकांना एक पंखा बसवतात, तो इंजिनाच्या धुरावरच फिरतो, आणि फिरून इंजिनातच हवा कोंबतो, म्हणजे घोडे वाढतात. जालिंदरला विचारतो म्हणाले. "आपल्याकडं धूर तर भरपूर आहे."

दोन वर्षांनी मीनाबाईंच्या धाकटीचं ठरलं. आमंत्रणाला आल्या तेव्हा माझ्यासमोरच यांना म्हणाल्या, "दादा, तू गाडी घेऊन एकटाच ये, म्हंजे वेळेत पोचशील. वहिनी एसटीनं येतील." हे मान हलवतायत. मीही मान हलवली. म्हटलं, चला, देवालाच काळजी. आता कळू दे सगळ्यांना, कोण कुणामुळं बसतं ते.

मी आदल्या दिवशी एसटीनं गेले. रांगोळी काढली, चूल सांभाळली, रुखवत मांडला. मुहूर्त आला, मामा नाही. धाकटी थोरलीसारखी हट्टी नव्हती, शेजारचे जोतीराम पाठीशी उभे राहिले, अक्षता पडल्या. शेवटची पंगत उठत आली तेव्हा हे आले. उन्हानं करपलेले, ओठ सुकलेले, चालत. गाडी कुठं होती ते मी विचारलं नाही. मी हातातली परात खाली ठेवली आणि मीनाबाईंकडं बघत उभी राहिले. म्हटलं, आता बोला.

मीनाबाईंनी भावाला खांबाशी बसवलं, तांब्या दिला, पदरानं वारा घातला. आणि मग माझ्याकडं वळून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "वहिनी, एवढ्या उन्हात त्याला कळशीभर पाणी आणून द्यायला कुणी नव्हतं हो. एकट्याला सोडून तुमी एसटीनं आलात तरी कशा?"

मी म्हटलं, चुकलं माझं. परात उचलली, पंगतीत शिरले, आणि मनातल्या मनात हात जोडले, की बरं झालं बाई गं, तुला तिसरी मुलगी नाही.