वजन उतरल्याची शाबासकी

आहारतज्ज्ञ बाई बाटली भरायला केबिनबाहेर आल्या, तर बाकावर पाठमोरे बसलेले म्हातारे नवरा-बायको त्यांच्याबद्दलच बोलत होते. बाई नळापाशीच थबकल्या.

"आज तरी सांगा त्यांना, घास गिळता येत नाही म्हणून."

"त्या विचारतात कुठे? काट्यावर उभं राहिलं की आकडा बघतात आणि शाबासकी देतात."

"आपणहून सांगायचं."

"मागच्या वेळी टाळ्या वाजवल्या गं! कसं तोंड उघडणार?"

"पाच महिन्यांत अठरा किलो उतरलात."

"म्हणून तर भिंतीवर माझा तक्ता लावलाय. सगळ्यांना माझं उदाहरण देतात."

"अहो, काल पाणीसुद्धा उलटून पडलं."

"हळू बोल. एवढ्या खूश असतात, कशाला त्यांचा हिरमोड?"