मरळीचा मेंदू आणि अकरावा वाटा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय प्राचार्य साहेब, व्यासपीठावरील संस्थेचे पदाधिकारी, ज्यांच्या निरोपासाठी हा मांडव भरला त्या आपल्या निवृत्त होणाऱ्या ग्रंथपाल प्रेमिलाबाई मारबते, पहिल्या रांगेत बसलेले आमचे लटारूभाऊ, विद्यार्थी मित्रहो, आणि मसालेभाताच्या वासानं अस्वस्थ झालेले सहकारी हो!

माझ्याआधी चौघं बोलले. बाई शांत, बाई सोशिक. असतीलही! मला मात्र त्यांनी लुटलं, आणि ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

गोष्ट दोन हजार तीन सालची. तळं आटलं की मरळ मासा चिखलात दडी मारतो. तेव्हा त्याच्या मेंदूत काय होतं, यावर माझी पीएच.डी. सुरू होती. सहा वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजल्या. मार्गदर्शक म्हणाले, "परदेशातल्या मरळीशी तुलना जोडा, नाहीतर प्रबंध परत." मार्चअखेरची मुदत, हातात दोन महिने. मी चार प्रयोगशाळांना पत्रं धाडली. कोण उत्तर देणार? मी तरी कुणाला काय देत होतो? माझ्या आकड्यांच्या फ्लॉप्या कपाटात, कपाटाची किल्ली जानव्याला.

बाई म्हणाल्या, "सर, जगातले मेंदूवाले आपापले आकडे इंटरनेटवर एका जागी ठेवून राह्यले. तुमी बी ठेवा ना."

"आणि कुणी चोरले तर?"

"तळ्यातली मच्छी कोनी टोपलीखाली लपवते का? वाटे पाडा, मंग आपला वाटा मांगा."

बाईंचं माहेर मासेमारांचं. बोलणं असंच थेट. शेवटी चिठ्ठ्या लावायला म्हणून मी फ्लॉप्या दिल्या. माझ्या फ्लॉप्यांवर काय लिहिलेलं होतं? 'नवीन', 'अगदी नवीन', 'शेवटची', 'खरी शेवटची'. बाईंनी प्रत्येकीवर मासा, तळं, तारीख, पेशी रंगवायची पद्धत लिहिली, आणि एका शनिवारी एसटीनं नागभीडच्या सायबर कॅफेत जाऊन सगळं जगाला वाटून आल्या. मला न विचारता!

पुढे ऐका. इंटरनेटवरच्या त्या जागेच्या अर्जात प्रश्न होता, ही माहिती कुणी जमवली? बाईंनी अकरा नावं लिहिली. पहिलं लटारूभाऊंचं, कारण मासे त्यांनी धरले. दुसरं त्यांच्या कमळाबाईंचं, कारण घागरीत मासे जिवंत आणले. मग सूक्ष्मदर्शकाच्या काचा धुणारा आपला शिपाई पत्रू. अकरावा मी! का? तर त्यांच्या तळ्यावर वाटे पाडताना जाळ्याच्या मालकाचं नाव शेवटी पुकारतात.

तीन आठवड्यांनी मला हे कळलं, आणि माझं डोकंच फिरलं. त्याच संध्याकाळी प्राचार्यांच्या पेटीत एक निनावी अर्ज पडला: 'ग्रंथपाल बाई संशोधन चोरून परदेशी देतात, यांना काढून टाका.' बाई तेव्हा कायम झालेल्या नव्हत्या. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. एवढा अर्ज पुरेसा होता. लिहिणाऱ्याला हे सगळं ठाऊक होतं.

प्राचार्यांनी तो अर्ज बाईंच्या हाती देऊन आठ दिवसांत खुलासा मागितला. सातव्या दिवशी थायलंडहून पाकीट आलं. तिथल्या एका संशोधक बाईंना आमचे आकडे सापडले होते. त्यांनी आपल्या मरळीचे सगळे आकडे पाठवले. पाकिटावर नाव? डॉक्टर लटारू! आमचे लटारूभाऊ तर हबकलेच. "मी डॉक्टर? मंग सर कोन होय?"

हसा, हसा. प्राचार्यही हसले, आणि खुलाशाचा विषय तिथंच मिटला. मी डॉक्टर झालो. तो अर्ज कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

मंडळी, तो अर्ज माझा होता.

थांबा, बाई काहीतरी म्हणताहेत. काय म्हणता? "मले तवाच माहीत होतं, सर."

होय, त्यांना माहीत होतं. गेल्या आठवड्यात कार्यभार देताना त्यांनी मला एक फाईल दिली. तळाशी तोच अर्ज. घाईत मी तो पेशी मोजलेल्या कागदाच्या पाठीवर लिहिला होता! जो हरवला म्हणून मी महिनाभर शोधत होतो, तोच हा सदतिसावा कागद. बाईंनी उलटून पाहिला, आकडे उतरवून घेतले आणि नोकरी जायची वेळ असताना तेही माझ्या आकड्यांत जोडले. माझा प्रबंध त्यामुळे पुरा झाला, आणि मला इतकी वर्षं पत्ता नाही. बाई, मला लाज वाटते. सगळ्यांसमोर माफी मागतो.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, मानपान चुकला असेल, तर पदरात घ्या. आता एवढंच, की त्या अर्जाच्या कागदावरही बाईंनी चिठ्ठी लावली आहे. मासा, तळं, तारीख. आणि 'कुणी जमवलं' याच्यापुढे या खेपेला अकरा नावं नाहीत. एकच आहे, माझं.