अण्णांचा पाय आणि हिर्डोशीची एसटी

कापलेला पाय परत उगवल्याचं ऐकलंय का कधी? म्या डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या थोरल्या चुलत्यांना, अण्णांना, डावा पाय न्हाई. म्हणून अपंगाचा सरकारी पगार मिळतो. औंदा कचेरीत जाऊन हयात असल्याचं दाखवायच्या टायमालाच अण्णा न्यूमोनियानं दवाखान्यात. त्यात शेजारच्या खाटेवरच्यानं कान भरले, "हितं फुकट जेवताय न्हवं? कचेरीत कळलं की पगार बंद!"

झालं. अण्णांनी आपल्या कुबड्या धाकट्या भावाला, आमच्या नानांना दिल्या. "तोंडावळा सारखाच हाय. माझ्या जागी तू जा."

मी म्हटलं, "अवो, डॉक्टरची चिठ्ठी नेऊ की!" पण ऐकतंय कोण?

नाना कचेरीत डावा पाय धोतरात मुडपून माझ्या शेजारी बाकावर बसले. साहेबांनी आपुलकीनं विचारलं, "अण्णा, त्रास होतो का हो फार?"

"लई!" नाना असे कण्हले, की साहेबांचाही चेहरा उतरला. त्यांनी सहीला पेन उचललं आन् दारात कुणीतरी ओरडलं, "हिर्डोशीची एसटी सुटली रं!"

आमच्या गावाकडची ती शेवटची गाडी, चुकली की घाटापर्यंत चालत. नाना उठले आन् दोन्ही पायांनी धूम पळाले. कुबड्या माझ्या मांडीवर.

साहेब खिडकीतून बघतच राहिले. मग मी खरं काय ते सांगून टाकलं, तवा म्हणाले, "दवाखान्यात राहिल्यानं पगार बंद होत नाही हो. पाय उगवला, तर होतो. जा, डॉक्टरची चिठ्ठी आणा."

दवाखान्यात जाऊन अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आन् एवढंच विचारलं, "नान्याला एसटी घावली का?"