सरचं विमान उडलं नव्हतं

काकू, सरचे विद्यार्थी, अन् कॉलेजातले सारे. मले माईकवर बोलता येत नाई. लेथवर काम करणारा माणूस मी. अकोल्याच्या जुन्या शहरात माह्यं वर्कशॉप हाय. काल फोन आला, मनोहरभाऊ, शोकसभेत इंगळे सरवर दोन शब्द बोला. ज्यायच्यासंगं रोज बोललो, त्यायच्यावर आज बोलाचं हाय.

मघापासून तुमी साऱ्यायनं एकच सांगतलं. सरनं पाण्यावर विमान उडवलं. मांगच्या बॅनरवर बी तेच छापलं. खाली सर, वर आभाळात ते लहानसं लाकडी विमान. मी तिथी बसून चिडून राहिलो होतो. तुमच्यावर बी, माह्यावर बी.

राजेहो, ते विमान पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनवर उडलं नाई. एकदा बी नाई.

कॉलेजातून रिटायर झाल्यावर सर हे विमान कराले रोज माह्या वर्कशॉपात येत. मी विचारलं, सर, हायड्रोजन एवढा हलका, मंग अडते कुठी? सर म्हणे, "मनोहर, कापूस बी हलका असते. पण गाडी भरून जाते अन् वजन भरत नाई. म्हणून दाबून गाठी बांधा लागते. हायड्रोजनचं तसंच हाय. पण त्याची गाठ बांधाले टाकीचं जे लोखंड लागते, तेच त्याच्याहून कितीतरी जड." दुसरा रस्ता काय, तं इतका थंड करायचा का तो पाण्यासारखा पातळ झाला पाहिजे. अकोल्यात, मे महिन्यात. सर स्वतःच हासत. अन् पातळ केला तरी विमानाच्या तेलाच्या चौपट जागा खाते. मंग माणसं कुठी बसवता?

टाकी मीच केली. तीनदा केली. तिन्ही वेळा विमान कॉलेजच्या ग्राउंडवर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलं. नाक बी उचललं नाई. मंग टाकी काढली अन् बॅटरी लावली. पंख बरोबर हाय का, एवढंच पाहाचं होतं. ते उडलं. सर हात धुवाले गेलते. पाहाले आलेल्या पेपरच्या बातमीदारानं मले विचारलं, हे कायवर उडते? मी म्हटलं, पाण्यातून हायड्रोजन काढतो, त्याच्यावर. बॅनरवरचा तो फोटो बी मीच देल्ला.

मंग बातमी वाचून दर्यापूरहून, चांदूर बाजारहून लोकं पाण्याच्या मोटरी घेऊन सरच्या दारात. पाण्यावर चालवून द्या म्हणे. सर प्रत्येकाले चहा पाजत अन् समजावत, पाण्यातून हायड्रोजन काढाले वीज लागते, अन् जेवढी घालता तेवढी वापस भेटत नाई. लोकायले वाटे, मास्तर लपवून राहिला. सरनं पेपरले चिठ्ठ्या लिहिल्या. कोणी छापल्या नाई. मंग सर म्हणे, "मनोहर, तू सांग. टाकी तुही हाय, तुह्यं ऐकतीन." मी म्हटलं, सांगतो सर.

नाई सांगतलं. फोटो वर्कशॉपात लावला होता ना. लोकं पाहाले येत. मले बरं वाटे.

दवाखान्यात शेवटी सरनं विचारलं, सांगतलं का? मी म्हटलं, हाव सर. तेवढ्यानंच त्यायचा चेहरा मोकळा झाला. खोटं बोललो मी.

सर कधी म्हणले नाई का हे होणारच नाई. म्हणत, होईन, पण विमानच नव्यानं बांधा लागन, विमानतळ बी. अन् पुढं जो करन त्याले आपलं कुठी अडलं हे कळलं पाहिजे. मंग आपण काहून लपवाचं? तिन्ही टाक्यायचं वजन सरच्या वहीत हाय. वही घरी काकूजवळ हाय. कॉलेज ते विमान काचेच्या कपाटात ठेवणार म्हणते. ठेवा. पण संगं माही टाकी ठेवा, वही ठेवा, अन् खाली लिहा का हे हायड्रोजनवर उडलं नाई.

आता कोणी तरी ते बॅनर उतरवा. थांबतो मी.

झालं, उतरलं. आता सरसाठी उभं राहू साऱ्यायनं. दोन मिनिटं काही बोलू नका.

सर, आता सांगतलं.