एकोणतीस तासांचा दिवस

...नाही, पण मला एक सांगा, श्वास घ्यायला फॉर्म कशाला लागतो? सकाळी किती घेतले, दुपारी किती सोडले, खाली सही! म्हणे शिक्षकांचा ताण घालवायचं शिबिर! थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी मधूनच सुटली.

तर एक होती सासू, एक होती सून, आणि दोघींच्या मधे होता एक नवरा, तो बहुतेक वेळ पेपरामागे असायचा. सासू कोण ते विचारू नका. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण जिभेला ही धार! सून चौथीच्या वर्गाची बाई. वर्गात शिरली की भिंतीसुद्धा सरळ बसायच्या, अशी! पण अलीकडे तिचं पार चिपाड झालं होतं. हजेरी वहीत लिहायची, तीच मोबाइलमध्ये भरायची, मुलांची उंची मोजायची, वजनं करायची, रोपं लावल्याचा फोटो पाठवायचा, तो पोचला नाही म्हणून रोपं उपटून परत लावायची... मग शिकवायचं कधी?

घरी कुकरची शिट्टी झाली की ओरडायची, "रांगेत! रांगेत चला!" नवऱ्याने चहा मागितला तर, "हात वर करून विचार." आणि त्या गरिबाने केला हो हात वर! सासूची हसता हसता पुरेवाट. पण शिबिराच्या सकाळी सून चपला घालता घालता थांबली. "आई, शिबिर संपल्यावर बोलायचंय, असं मुख्याध्यापिकांना कळवलंय. मला नाही जमत. सोडते नोकरी."

सासू हसायची थांबली. बारा वर्षं! दुसरं काही व्हायचंच नव्हतं हो या पोरीला!

शिबिराला घरचं एक माणूस आणा, असा निरोप होता. नवरा लगेच पेपरामागे गेला. गेली मग सासू.

हॉलमध्ये चाळीस शिक्षक, आणि समोर तो तज्ज्ञ. कोट इतका ताठ, की हँगरसकट घातला होता की काय कोण जाणे! आवाज मात्र लोण्यासारखा. "डोळे मिटाऽऽ... स्वतःला विचाराऽऽ... मी शिक्षक का झालोऽऽ? फॉर्मच्या मागे एका ओळीत लिहाऽऽ." लगेच मागून सुरू! "सर, समास सोडायचा का?" "सर, निळं पेन चालेल?" "सर, हा माझं बघून लिहितोय!" चाळिशी-पन्नाशीची माणसं बरं का! आणि आमची सून? कागद कोरा. नुसती पेनाचं टोपण चावत बसलेली. अहो, रविवारसुद्धा फॉर्म भरण्यात घालवायचा, मग शिकवायचं कधी?

तेवढ्यात तज्ज्ञाने फळ्यावर गोल काढला. "हा तुमचा दिवस. अर्धा कामाला, तिसरा हिस्सा झोपेला, पाव घराला. आणि स्वतःसाठी? आठवा हिस्सा! सगळ्यात मोठा!"

सुनेने कान टवकारले. "सर, बारा, आठ, सहा आणि तीन तास, किती झाले?"

तज्ज्ञाने बोटं मोजली. "एकोणतीस... पण मॅडम, त्यामागची भावना बघा ना."

"दिवस चोवीस तासांचा असतो, सर."

"बरं, मग आठवा हिस्सा काढून टाकू. तोच मोठा आहे. चारापेक्षा आठ मोठे ना!"

चाळीस जणांनी एकदम श्वास घेतला. तोही फॉर्म न भरता!

आणि सून उठली. उठली कसली, उसळली! "ही चूक! सर, ही माझी लाडकी चूक आहे! दरवर्षी निम्मा वर्ग हीच करतो!" त्याच्या हातातला खडू काढून घेतला, आपला कोरा फॉर्म त्याच्या हातात कोंबला. "मधोमध दुमडा. परत. आणखी एकदा. उघडा आता. मोजा!"

"...सहा, सात, आठ."

"आता सांगा, पाव मोठा की आठवा?"

तज्ज्ञ घड्या बघतोय, कागद उलटतोय, परत बघतोय... आणि एकदम चेहरा असा उजळला! "अरेच्चा! म्हणजे भाग वाढले की तुकडा लहान होतो? मॅडम, हे मला आयुष्यात कुणी दाखवलंच नाही!"

"दाखवायला वेळ लागतो, सर. आम्ही रोपांचे फोटो काढत असतो."

सगळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला! सुनेच्या नाकाला खडू लागलेला, केस सुटलेले, आणि डोळे? पहिल्या दिवशी शाळेत निघाली होती ना, तेव्हाचे ते डोळे!

दारातच मुख्याध्यापिका उभ्या. "काय हो, तुम्हाला मला काही सांगायचं होतं ना?"

सासूने पदर घट्ट धरला.

"हो," सून म्हणाली, "माझ्या वर्गातला खडू संपलाय. आणि रोज पहिले दोन तास मला कसलाही फॉर्म पाठवायचा नाही. नाहीतर मग शिकवायचं कधी?"

"...एक तास."

"दोन."

"बरं बाई, दोन!"

तर असं त्या घराचं नशीब उघडलं. सून गुणगुणत शाळेत जाते, येताना खडूने माखून येते, जेवताना मुलांच्या गमती सांगते, नवरासुद्धा पेपर खाली ठेवून ऐकतो. सगळं कसं छान... फक्त एवढंच, की तिचा उत्साह शाळा सुटल्यावरही उरतो हो! तो कुठे जिरवायचा? काल आली, पाटी पुढ्यात ठेवली, म्हणाली, "आई, बसा." मी म्हटलं, अगं, माझं वय काय! तर म्हणते, "वय अंकात लिहून दाखवा." तुम्हाला सांगते, सत्तर वर्षं शाळा चुकवली मी, आणि शेवटी शाळाच माझ्या घरी राहायला आली... चला, उठते आता. गृहपाठ राहिलाय, आणि बाई फार कडक आहेत!