बुरशीवाले उल्लेखनीय नाहीत

संपादक : ...ज्ञानकोश म्हणजे अखिल मानवजातीची स्मृती, बाई. इंटरनेटवर असला म्हणून काय झालं? तिथे कोणाला जागा द्यायची, ही जबाबदारी फार मोठी आहे.

लेक : आणि ती मानवजातीने चष्म्याच्या दुकानात ठेवलीय?

संपादक : दुकान पोटासाठी. संपादन फावल्या वेळात. गिऱ्हाईक नसलं की.

लेक : म्हणजे दिवसभर.

संपादक : तुमच्या वडिलांची नोंद वगळतोय. ते उल्लेखनीय नाहीत.

लेक : धान्याच्या बुरशीवर अख्खी हयात घातली माणसाने! एका बुरशीला त्यांचं नाव आहे.

संपादक : तिची नोंद आहे आमच्याकडे. बुरशी उल्लेखनीय आहे.

लेक : आणि तो क्रिकेटवाला, एकच सामना खेळून शून्यावर बाद झालेला? त्याची नोंद आहे ती?

संपादक : ते शून्य सगळ्या पेपरांत छापून आलं. वडिलांबद्दल कोणी छापलंय?

लेक : त्यांच्या विद्यार्थ्याने. मासिकात.

संपादक : तो ओळखीचा. लिहिणारा त्रयस्थ हवा.

लेक : त्रयस्थ कशाला मरायला बुरशीवाल्यावर लिहील?

संपादक : बघा, तुम्हालाच पटलं. मृत्युलेख चालतो हां. पेपरातला, फोटोसकट.

लेक : अहो, ते घरी मटार सोलत बसलेत!

संपादक : मग जरा धीर धरा.

लेक : जीभ कशी झडत नाही तुमची? प्रयोगशाळेला त्यांचं नाव द्यायचं घाटतंय, त्यांच्या डोळ्यांदेखत. समिती म्हणते, ज्ञानकोशात नोंद टिकली तरच.

संपादक : प्रयोगशाळेला नाव असतं, तर नोंद टिकली असती.

लेक : म्हणजे समितीवाले तुमच्या तोंडाकडे बघणार, तुम्ही त्यांच्या. आणि बाबांनी मटार सोलायचे.

संपादक : नियम माझा नाही.

लेक : नियम तुमचा नाही, अक्कल तर नाहीच नाही. मग तुमचं आहे तरी काय इथे?

संपादक : वगळायचं बटन. (दाबतो.) झालं.

लेक : झालं? संध्याकाळी समिती बसतेय! कालच अध्यक्षांचा फोन होता. म्हणाले, "नोंद पुन्हा पुन्हा वाचली, गहिवरून आलं."

संपादक : नोंद आजवर दोनदा उघडली गेलीय, बाई. एकदा तुम्ही, लिहायला. आणि आज मी, वगळायला.